सोळा महिन्यांची मुदत आणि २६ दिवसांची कादंबरी

जुलै १८६५ मध्ये रशियन कादंबरीकार फ्योदर दोस्तोयेव्हस्कीने प्रकाशक स्टेलोव्हस्कीबरोबर एक करार केला. प्रकाशक त्याला ३,००० रूबल देणार होता. त्या बदल्यात त्याला दोस्तोयेव्हस्कीच्या तोवरच्या साहित्याची एकत्रित आवृत्ती काढण्याचा हक्क मिळाला, शिवाय एक नवी कादंबरी मिळणार होती. कादंबरी १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत पोचती झाली पाहिजे, अशी अट होती. ती चुकली तर पुढची नऊ वर्षं दोस्तोयेव्हस्की जे काही लिहील ते सगळं स्टेलोव्हस्कीला फुकट छापता येणार होतं.

‘उद्दिष्ट नेमकं ठेवा, त्याला तारीख लावा’ हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. या करारात ते सगळं होतं. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि न दिल्यास काय होईल हे पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं. तरीही १ ऑक्टोबर १८६६ रोजी, म्हणजे मुदतीला एकच महिना उरलेला असताना, त्या कादंबरीचं एकही पान लिहून झालेलं नव्हतं. त्यानंतर ४ ऑक्टोबरला काम सुरू झालं आणि २९ ऑक्टोबरला ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी संपली. (या सगळ्या तारखा तेव्हाच्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे आहेत, ती आजच्या दिनदर्शिकेपेक्षा १२ दिवस मागे होती.)

ही हकीकत बहुधा लेखकाच्या प्रतिभेची किंवा एका प्रेमाची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती वेगळ्या कारणासाठी मोलाची वाटते. माणूस तोच, काम तेच, तारीख तीच, दंडही तोच. तरी १५ महिने शून्य आणि मग २६ दिवसांत सगळं. नुसत्या तारखेच्या बळावर हे व्हायचं असतं तर आधीच झालं असतं. मग ऑक्टोबरमध्ये नेमकं बदललं काय? काम टाळत राहिल्याची टोचणी ज्यांना रोज लागते त्यांच्यासाठी हा प्रश्न फार जवळचा आहे, म्हणून हे प्रकरण बारकाईने बघू या.

करारामागची परिस्थिती

१८६४ हे साल दोस्तोयेव्हस्कीसाठी भयंकर होतं. एप्रिलमध्ये पत्नी वारली आणि जुलैमध्ये भाऊ मिखाईल गेला. दोघं भाऊ मिळून मासिक चालवत होते. भावाचं कर्ज आणि भावाचं कुटुंब दोन्ही दोस्तोयेव्हस्कीने स्वतःच्या अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी मासिकही बंद पडलं. देणेकरी दारात उभे होते. स्टेलोव्हस्कीचा करार त्याने खुशीने केला नव्हता, अडचणीत सापडून केला होता. मिळालेल्या पैशातला मोठा भाग कर्जातच गेला. उरलेले घेऊन तो परदेशी गेला आणि जर्मनीतल्या वीसबाडेनला रूलेट या जुगाराच्या टेबलावर हरला.

दडपणाखालच्या माणसाने मान्य केलेली तारीख आणि विचार करून स्वतः ठरवलेली तारीख कागदावर सारख्याच दिसतात, पण मनात त्यांचं वजन वेगळं असतं. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी उद्दिष्टांवर काही दशकं काम केलं. ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड उद्दिष्ट दिलं तर काम जास्त होतं, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. त्याला जोडून त्यांनी अटीही सांगितल्या आहेत. उद्दिष्टाशी माणसाची बांधिलकी हवी, काम जमेल एवढी कुवत हवी आणि आपण कुठवर आलो हे वेळोवेळी कळायला हवं. या अटी सल्ला देताना बहुतेक वेळा गळून पडतात. स्टेलोव्हस्कीच्या करारात त्यांतली पहिली अट लंगडी होती आणि तिसरी नव्हतीच. सोळा महिन्यांच्या वाटेवर मैलाचा एकही दगड नव्हता. एक सुरुवात आणि एक शेवट, मधलं सगळं मोकळं.

त्याच वर्षातलं दुसरं काम

१५ महिने हा माणूस हातावर हात ठेवून बसला होता, असा समज होऊ शकतो. वस्तुस्थिती उलट आहे. याच काळात तो ‘क्राइम अँड पनिशमेंट’ लिहीत होता. जानेवारी १८६६ पासून ती कादंबरी ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकात हप्त्याहप्त्याने येऊ लागली. मध्ये काही अंकांचा खंड पडला, तरी वर्षभरात ती कादंबरी पूर्ण झाली.

या प्रकरणाचं सोनं मला इथे सापडतं. एकाच वर्षात, एकाच टेबलावर दोन कामं होती. एका कामाची मुदत वर्षाच्या टोकाला आणि दंड भयंकर. दुसऱ्याची मुदत पुढच्या अंकापुरती, आणि तिकडे संपादक मजकुराची वाट बघतोय, वाचकांना पुढचा भाग हवाय. भयंकर दंड असलेलं काम पडून राहिलं, जवळच्या मुदतीचं काम पुढे सरकत राहिलं.

यात दोस्तोयेव्हस्कीचा कुठल्याही एका दिवशीचा निर्णय चुकीचा नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. मार्चमधल्या एखाद्या सकाळी पुढचा हप्ता लिहायचा की नोव्हेंबरची कादंबरी, असा प्रश्न आला तर शहाणा माणूस हप्ताच लिहील. एप्रिलमध्येही तेच, मे महिन्यातही तेच. लांबची मुदत अशीच हरते. ती एका मोठ्या चुकीने हरत नाही. रोजच्या रोज योग्य वाटणाऱ्या निवडींची बेरीज शेवटी शून्य पानं निघते. म्हणून काम राहिलं की ‘आपण आळशी आहोत’ असा जो निकाल लोक स्वतःवर लावतात तो मला फार अन्यायाचा वाटतो. कामाची मांडणी तपासायच्या आधी माणसाच्या स्वभावाला दोष दिला जातो.

जूनमधला बेत

जून १८६६ मध्ये त्याला परिस्थितीची पुरेपूर जाणीव होती. ओळखीची तरुण लेखिका आन्ना कोर्विन-क्रुकोव्स्काया हिला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला बेत सांगितला आहे. चार महिन्यांत ३० फर्मे (एक फर्मा म्हणजे छापील १६ पानं) मजकूर लिहायचा, दोन वेगवेगळ्या कादंबऱ्यांचा. एक सकाळी लिहायची, दुसरी संध्याकाळी. आजवर कुणी केलं नसेल असं काहीतरी करायचं, अशी उमेद त्या पत्रात आहे. तो उन्हाळा त्याने मॉस्कोजवळ ल्युब्लिनोला, बहिणीच्या कुटुंबाच्या शेजारी काढला.

हा बेत नुसत्या तारखेपेक्षा चांगला होता. किती लिहायचं ते ठरलं होतं, कधी लिहायचं तेही ठरलं होतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला मुद्दा आता सर्वमान्य झाला आहे. ‘मी हे करीन’ एवढंच न ठरवता ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक प्रकारे करीन’ असं ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते. मग जूनचा बेत का फसला?

मला दोन कारणं दिसतात. पहिलं म्हणजे दुसऱ्या कादंबरीच्या वाट्याला संध्याकाळ आली होती. दिवसभर एका कादंबरीत जीव ओतल्यावर जी संध्याकाळ उरते तिला कामाची वेळ म्हणणं धाडसाचं आहे. ती सकाळच्या कामाचं उरलंसुरलं असते. सकाळचं काम लांबलं की संध्याकाळ आक्रसते. जुलैमध्ये तसंच झालं. मासिकाच्या संपादकांनी एका प्रकरणाला हरकत घेतली, ते पुन्हा लिहावं लागलं. त्या धक्क्याचा सगळा भार साहजिकच दुसऱ्या कादंबरीवर पडला. त्याच महिन्यात मित्राला लिहिलेल्या पत्रात, स्टेलोव्हस्कीची कादंबरी अजून सुरू केलेली नाही, असं तो सांगतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. संध्याकाळी त्याने एक ओळही लिहिली नाही तरी दुसऱ्या दिवशी कुणाच्याच ध्यानात येणार नव्हतं. सकाळचं पान राहिलं तर संपादकाचं पत्र येई. संध्याकाळचं पान राहिलं तर काहीच होत नसे, निदान नोव्हेंबरपर्यंत.

स्वतःच स्वतःला घालून दिलेल्या मुदतींवर डॅन एरिली आणि क्लाउस व्हर्टेनब्रोक यांचा २००२ मधला प्रयोग आहे. लोकांना तीन मजकूर मुद्रितशोधनासाठी दिले, वेळ तीन आठवड्यांचा. एका गटाला दर आठवड्याला एक मजकूर परत द्यायचा होता. दुसऱ्या गटाने आपापल्या तारखा स्वतः ठरवायच्या होत्या. तिसऱ्याला तिन्ही मजकूर शेवटी एकदम दिले तरी चालणार होतं. सगळ्यांत जास्त चुका आठवड्याची मुदत असलेल्या गटाने शोधल्या, सगळ्यांत कमी शेवटी देणाऱ्या गटाने. स्वतः तारखा ठरवणारे मधे राहिले. म्हणजे स्वतःच्या मुदतीचा उपयोग होतो, पण बाहेरून आलेल्या आणि समान अंतरावर बसवलेल्या मुदतींएवढा होत नाही. ल्युब्लिनोतला बेत तर फक्त त्याच्या एकट्याचा होता. आपल्याही किती बेतांना कुणीच साक्षीदार नसतो, हे आठवून बघावं.

१ ते ४ ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिल्युकोव्ह हा जुना मित्र भेटायला आला तेव्हा दोस्तोयेव्हस्की खोलीत येरझारा घालत होता. आपण बुडालो, अशी त्याची भाषा होती. मुदत जवळ आली की माणूस आपोआप कामाला लागतो, असं मानणाऱ्यांनी हा क्षण जरूर बघावा. मुदत अगदी अंगावर आली होती आणि तिने त्याला कामाला लावलं नव्हतं, हतबल केलं होतं. करायचं काम आणि उरलेले दिवस यांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे बिघडलं की जवळ आलेली तारीख उमेद देत नाही. ती फक्त भीती देते.

मिल्युकोव्हने सुचवलं की चार-पाच मित्रांनी प्रकरणं वाटून घेऊन कादंबरी लिहावी. दुसऱ्याच्या मजकुराखाली आपली सही घालायला दोस्तोयेव्हस्कीने नकार दिला. मग मिल्युकोव्हने दुसरी वाट सुचवली: लघुलेखक नेमून मजकूर सांगायचा. पीटर्सबर्गला ओल्खिन नावाचे शिक्षक लघुलेखनाचा वर्ग चालवत. त्यांनी आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीला विचारलं. आन्ना ग्रिगोर्येव्हना स्नित्किना, वय २०. पूर्ण कामाचे ५० रूबल ठरले. तिच्या आयुष्यातलं हे पहिलं काम होतं.

४ ऑक्टोबरला सकाळी साडेअकराला ती पोचली. पहिली बैठक फसली. त्याने मासिकातला मजकूर भरभर वाचून तिची परीक्षा घेतली, तिने एक पूर्णविराम गाळल्यावरून त्रागा केला. आपलं मन आत्ता ठिकाणावर नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तिला परत जायला सांगितलं. पण बोलावलं ते त्याच दिवशी, संध्याकाळी आठ वाजता. त्या रात्री कादंबरीची सुरुवात सांगून झाली. फसलेली बैठक उद्यावर गेली नाही. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल, पण फसलेलं काम ‘उद्या बघू’ म्हणून सोडलं की त्याचे आठवडे कसे होतात ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी तिला अर्धा तास उशीर झाला, कारण रात्रीच्या मजकुराची स्वच्छ प्रत करण्यात तिचा वेळ गेला होता. ती आली तेव्हा दोस्तोयेव्हस्की अस्वस्थ होता. ती आता येणारच नाही आणि सांगितलेला मजकूरही गेला, असं त्याला वाटू लागलं होतं. पंधरा महिन्यांत या कादंबरीबाबत ‘आपल्या हातून काहीतरी निसटेल’ असं वाटायला जागाच नव्हती, कारण हातात काही नव्हतंच. आता थोडी पानं होती, आणि ती गमावण्याची भीती खरी होती.

रोज बारा वाजता

मग वेळ ठरली. आन्ना रोज दुपारी बाराला येई आणि चारपर्यंत थांबे. अर्ध्या-पाऊण तासाचं सांगणं, मध्ये थोड्या गप्पा, पुन्हा सांगणं. घरी जाऊन ती रात्री लघुलिपीतून प्रत तयार करी आणि दुसऱ्या दिवशी घेऊन येई. तो ती तपासून दुरुस्त करी.

सुरुवातीला तो तोंडाला येईल तसं सांगत होता. ते नीट जमेना. मग त्याने रात्री कच्चा मजकूर लिहून ठेवायला आणि दुपारी त्यावरून सांगायला सुरुवात केली. ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती, पण जूनच्या पत्राशेजारी ठेवून बघितल्यावरच तिचा अर्थ कळतो. दिवस मावळल्यावरचे जे तास ल्युब्लिनोत या कादंबरीसाठी राखून ठेवले होते आणि ज्यांत काहीच लिहून झालं नाही, तसल्याच तासांत तो आता लिहू लागला. खोलीत तेव्हाही तो एकटाच होता आणि आताही रात्री एकटाच होता. फरक इतकाच की आता रात्रीच्या पानाला दुसऱ्या दिवशी बारा वाजता गिऱ्हाईक होतं. एक मुलगी पेन्सिल घेऊन समोर बसणार होती आणि तिला सांगायला काहीतरी लागणार होतं.

१ नोव्हेंबरची तारीख कुठे गेली नव्हती, पण तिने काम चालवणं सोडलं होतं. आता काम उद्या दुपारचे बारा चालवत होते. सोळा महिन्यांच्या एका मुदतीचे एकेका दिवसाचे तुकडे झाले होते आणि प्रत्येक तुकड्याला वेळ, जागा आणि वाट पाहणारं माणूस होतं.

दुसरी गोष्ट मोजदादीची. आन्नाने आठवणींमध्ये लिहिलं आहे की आदल्या दिवशी किती पानं झाली, एकूण किती झाली, वेळेत होईल का, हे तो तिला विचारत असे. पानांची थप्पी वाढत गेली तसतसा त्याचा धीर वाढला. लॉक आणि लॅथम यांची ‘कुठवर आलो ते कळायला हवं’ ही अट इथे पुरी झाली, तीही कुठलाही तक्ता न मांडता. तिने केलेली स्वच्छ प्रतच हिशेब होती. ती उचलून बघता येत होती.

अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये गणितात कच्च्या आणि गणिताची गोडी नसलेल्या मुलांवर केलेला प्रयोग इथे आठवतो. वजाबाकीची ४२ पानं, सात बैठका. काही मुलांना दर बैठकीला सहा पानांचं उद्दिष्ट सुचवलं, काहींना सातव्या बैठकीअखेर ४२ पानांचं. हिशेबाने दोन्ही उद्दिष्टं तीच. जवळचं उद्दिष्ट मिळालेली मुलं वजाबाकीत जास्त पुढे गेली, आपल्याला हे जमतं असा विश्वास त्यांना जास्त वाटला, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यांना वजाबाकी आवडूही लागली. ४२ पानांचं उद्दिष्ट असलेलं मूल सहा पानं करूनही अजून ३६ मागेच असतं. सहा पानांचं उद्दिष्ट असलेलं मूल रोज एकदा जिंकतं. दोस्तोयेव्हस्कीला हे रोजचं जिंकणं ४ ऑक्टोबरनंतर मिळालं. उमेद आधी येते आणि मग काम होतं, हा क्रम आपण गृहीत धरतो. या प्रकरणात क्रम उलटा दिसतो. आधी दहा-बारा पानं झाली, मग उमेद आली.

शेवटचे तीन दिवस

२९ ऑक्टोबरला सांगणं संपलं. ३० तारखेला, म्हणजे दोस्तोयेव्हस्कीच्या वाढदिवशी, आन्नाने शेवटची प्रत आणून दिली. मग दुरुस्त्या झाल्या. १ नोव्हेंबरला हस्तलिखित पोचवायला गेल्यावर कळलं की स्टेलोव्हस्की शहराबाहेर गेला आहे. त्याच्या कार्यालयात ते घ्यायला नकार मिळाला. असं काही होऊ शकतं, ही शंका आधीच आली होती. आन्नाच्या आईने एका वकिलाला विचारून ठेवलं होतं. नोटरीकडून किंवा पोलिसांकडून रीतसर पावती घ्यावी, असा सल्ला मिळाला होता. पोलीस ठाण्यातही अधिकारी जागेवर नव्हता. रात्री दहाच्या सुमारास पावती हातात पडली. मुदत संपायला दोन तास बाकी होते.

लिहिणं ३१ तारखेला रात्री संपेल असा हिशेब धरला असता तर सगळं बुडालं असतं. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की किती दिवस लागतील. अंदाजाची सरासरी सुमारे ३४ दिवस होती. प्रत्यक्षात ५५ हून जास्त लागले. आपण अंदाज करताना लिहिण्याचा वेळ मोजतो. प्रत काढणं, तपासणं, समोरचा माणूस जागेवर नसणं हे मोजत नाही. स्वतःची तारीख खऱ्या तारखेच्या दोन-तीन दिवस अलीकडे धरणं ही माझ्या मते चैन समजू नये. तेही कामच आहे.

यातून काय घ्यायचं नाही

पहिली गोष्ट, ‘२६ दिवसांत कादंबरी’ हा आकडा. ती कादंबरी, ‘द गॅम्बलर’, कोऱ्या मनातून आलेली नाही. जुगाऱ्यावर काही लिहायची कल्पना त्याने सप्टेंबर १८६३ मध्ये रोमहून समीक्षक मित्र स्त्राखोव्हला लिहिलेल्या पत्रात मांडली होती. रूलेटचं टेबल त्याने स्वतः भोगलं होतं. विषय तीन वर्षं मनात मुरत होता, कादंबरीही छोटी होती. ज्याच्याजवळ सांगायला काही साठलेलं नाही त्याला रोजचे बारा वाजले म्हणून पानं मिळणार नाहीत. जे काम पूर्ण नवं आहे, ज्याची रीतच अजून शिकायची आहे, तिथे लॅथम आणि त्यांचे सहकारीही ‘इतकं उरक’ यापेक्षा ‘हे शिकून घे’ असं उद्दिष्ट ठेवायला सांगतात. पहिल्या काही दिवसांत दोस्तोयेव्हस्कीनेही आधी सांगण्याची पद्धत बदलून पाहिली, मगच वेग आला.

दुसरी गोष्ट दंडाची. स्वतःवर जबर दंड लावून घ्या, पैसे पणाला लावा, म्हणजे काम होईल, असं हल्ली पुष्कळ लोक सांगतात. नऊ वर्षांच्या लेखनाहून जबर दंड कुठला असणार? पंधरा महिने त्या दंडाने एक पानही लिहून घेतलं नाही. दंडाच्या भीतीने शेवटी त्याला लघुलेखिका नेमायला लावली, एवढं श्रेय त्याला द्यावं लागेल. पण त्याची किंमत अपस्माराचा आजार असलेल्या, कर्जाने पिचलेल्या माणसाने दिली. मी कुणालाही स्वतःसाठी असा करार करायला सांगणार नाही. ज्या माणसाला आधीच काळजी खाते आहे त्याच्यावर आणखी भीती लादणं हे मला क्रूर वाटतं, आणि ते उपयोगाचंही नाही.

घेण्यासारखं आहे ते आन्नाचं येणं. रोजच असं नाही, आठवड्यातून एकदाही चालेल. पण ठरलेल्या वेळी कुणीतरी येईल, कामाचा ठरलेला तुकडा मागेल, तो वाचेल किंवा उतरवून घेईल. ‘कसं चाललंय?’ असं विचारणारा मित्र इथे पुरत नाही, कारण त्याला ‘चाललंय’ एवढं उत्तर पुरतं. आन्नाला उत्तर नको होतं, तिला मजकूर हवा होता. त्याशिवाय तिचं काम पुढे सरकत नव्हतं. म्हणून जोडीदार शोधताना ज्याचं स्वतःचं काम आपल्या तुकड्यावर अडतं असा शोधावा: सहलेखक, तपासणारा, आपल्या पानांवरून पुढचं चित्र काढणारा, आपल्या टिपणांवरून अभ्यास करणारा. असं कुणी नसेल तर निदान ठरलेल्या दिवशी ठरलेली पानं पाठवायची आणि ती आली नाहीत तर समोरच्याने त्याच दिवशी फोन करायचा, एवढं तरी बांधून घ्यावं.

नोव्हेंबर

१ नोव्हेंबरनंतर स्टेलोव्हस्कीचा धाक संपला होता. ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा शेवटचा भाग मात्र अजून लिहायचा होता. दोस्तोयेव्हस्कीने आन्नाला पुन्हा कामाला बोलावलं. त्याच पद्धतीने, सांगून आणि प्रत करून, सुमारे चार आठवड्यांत तो भाग पूर्ण झाला आणि वर्षअखेरच्या अंकात छापून आला. या वेळी डोक्यावर नऊ वर्षांचा दंड नव्हता. फेब्रुवारी १८६७ मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढच्या मोठ्या कादंबऱ्याही आन्नाच्या लघुलेखनाच्या मदतीनेच लिहून झाल्या.